कण्हण्याचा अर्थ

दिवस भरायच्या दोन-अडीच महिने आधी जन्मलेलं बाळ पहिल्या काही मिनिटांत एक आवाज काढतं. ते रडणं नसतं. श्वास सोडताना घशाशी अडून बाहेर पडणारा, आखूड, 'अं... अं...' असा तो आवाज. खोलीत सक्शनचा, मॉनिटरचा, माणसांच्या बोलण्याचा गलका असेल तर तो ऐकूही येत नाही. स्टेथोस्कोप छातीला टेकवला की मगच कळतो. मराठीत त्याला कण्हणं म्हणतात. आणि कण्हणं म्हटलं की बाळाला काहीतरी दुखतंय, असंच कुणाच्याही मनात येतं. इथे दुखण्याशी संबंध नाही. दीड किलोपेक्षाही कमी वजनाचा तो जीव स्वतःवर स्वतःच उपचार करत असतो.

श्वास सोडताना बाळ स्वरयंत्राची फट अर्धवट मिटून घेतं. आत घेतलेली हवा सगळीच्या सगळी बाहेर जाऊ द्यायची नाही, थोडी मागे अडवून ठेवायची, एवढ्यासाठी ही धडपड. ती सगळी गेली तर फुप्फुस मिटेल, आणि मिटलेलं फुप्फुस पुढच्या श्वासाला पुन्हा उघडायची ताकद त्या छातीत नाही.

१९६८ साली केप टाउनमधल्या डॉक्टरांनी हे मोजून दाखवलं. कण्हणाऱ्या बाळाच्या श्वासनलिकेत नळी घातली की ती नळी स्वरयंत्राच्या फटीतून आरपार जाते. मग फट मिटता येत नाही आणि कण्हणं थांबतं. बघणाऱ्याला वाटतं, बाळ शांत झालं. प्रत्यक्षात त्याच्या रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असतो. तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून सरळ वाट काढली. बाळ गळा आखडून जो दाब निर्माण करतं, तो आपणच बाहेरून सतत देत राहायचा. त्यांच्या पहिल्या २० बाळांपैकी १६ जगली. या आकड्याचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं. १९६३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो, म्हणजे आजच्या हिशेबात फार लहान नाही. पण फुप्फुसाच्या याच आजारानं तो ३९ तासांत गेला. देशातले उत्तम डॉक्टर हाताशी होते. हातात देण्यासारखा उपाय नव्हता.

ग्रेगरींच्या त्या उपायाला आज सगळे सीपॅप म्हणतात. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा, वायुमार्गात हलकासा दाब टिकवून ठेवणं एवढंच त्याचं काम. हे यंत्र बाळासाठी श्वास घेत नाही. श्वास बाळालाच घ्यायचा असतो. यंत्र फक्त त्याची कमाई वाया जाऊ देत नाही. नातेवाइकांना समजावताना सगळ्यात आधी हेच सांगावं, असं मला वाटतं. नाकात नळ्या बघितल्या की 'व्हेंटिलेटरवर ठेवलंय' अशी बातमी घरभर होते, आणि आईचा धीर सुटतो.

फुप्फुस मिटतंच का, हे नीट समजलं की पुढच्या सगळ्या बारीकसारीक गोष्टींचं कारण आपोआप कळतं. फुप्फुसाच्या आतले वायुकोश आतून ओले असतात. पाण्याच्या पातळ थराला आकसायची ओढ असते, आणि पोकळी जितकी लहान तितका ती मिटवणारा दाब जास्त. त्रिज्या निम्मी झाली की हा दाब दुप्पट होतो. म्हणजे मिटू लागलेला वायुकोश जसजसा लहान होतो तसतसा आणखी जोरानं मिटतो. ही ओढ मोडण्यासाठी फुप्फुसातल्या ठरावीक पेशी सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ तयार करतात. तो बनायला गर्भाच्या २४व्या आठवड्याच्या आसपास सुरुवात होते आणि पुरेसा साठा साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत होतो. या आजाराचं मूळ सर्फॅक्टंटच्या कमतरतेत आहे, हे १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. २८ आठवड्यांच्या बाळाकडे हा पदार्थ अगदी थोडा असतो, आणि कोंडलेल्या, थंड पडलेल्या, अर्धवट मिटलेल्या फुप्फुसात असलेलाही लवकर निकामी होतो.

त्यातून छातीचा पिंजरा मऊ. बरगड्या अजून कूर्चेच्याच म्हणाव्यात अशा, आणि आडव्या. श्वासपटल जोरानं खाली ओढलं की आत हवा यायच्या ऐवजी छातीच आत ओढली जाते. पोट वर येतं, छाती खाली जाते. बाळ जीव तोडून श्वास घेत असतं आणि तरी त्या श्वासातलं फार थोडं पदरात पडतं. एक किलोच्या बाळाचा एक नेहमीचा श्वास असतो ४ ते ६ मिलिलिटरचा. औषधाचा लहान चमचा भरेल एवढाच. त्यातला अर्धा चमचा सांडला तर काय उरतं?

म्हणून 'लवकर' या शब्दाला इथे इतकं महत्त्व आहे. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीचे पदर एकमेकांना चिकटले की ते सोडवायला नखं लावावी लागतात; आत थोडी हवा राहिली असेल तर ती पिशवी नुसत्या फुंकरीनं फुलते. फुप्फुसाचंही तसंच आहे. उघडं आहे ते उघडं ठेवायला ५-६ सेंटिमीटर पाण्याएवढा दाब पुरतो. मिटलेलं उघडायला त्याच्या कितीतरी पट लागतो, आणि त्या जोरात नाजूक पेशी फाटतात. सूज येते, सुजेतून पाझरणारी प्रथिनं उरलंसुरलं सर्फॅक्टंटही निकामी करतात. दोन तास वाट बघून, बाळ दमल्यावर लावलेला सीपॅप आणि पाचव्या मिनिटाला लावलेला सीपॅप हे यंत्र म्हणून एकच असले तरी उपचार म्हणून वेगळे आहेत. २०२२च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांसाठी, श्वासाचा त्रास दिसत असो वा नसो, जन्मानंतर लगेच सीपॅपचा विचार करावा असं म्हटलं आहे, ते यामुळेच.

खरं तर सुरुवात जन्माच्याही आधी होते. प्रसूती लवकर होणार अशी चिन्हं दिसली की आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायची: बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम, २४ तासांच्या अंतरानं दोनदा, किंवा डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतरानं चारदा. बाळाच्या फुप्फुसाची वाढ त्यानं पुढे सरकते. लिगिन्स आणि हॉवी यांनी न्यूझीलंडमध्ये १९७२ साली हे दाखवून दिलं, आणि आजही सगळ्या अवाढव्य यंत्रांपेक्षा या स्वस्त सुया जास्त काम करतात, असं मी छातीठोकपणे म्हणेन. दुसरा डोस व्हायच्या आत प्रसूती होईल असं वाटलं तरी पहिला टाळू नये.

जन्मल्यावर पहिला शत्रू थंडी. खोलीचं तापमान २३ ते २५ अंश सेल्सिअस हवं. बाळाला पुसत बसायचं नाही. ओलंच मानेपर्यंत स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, डोकं तेवढं कोरडं करून टोपी चढवायची आणि वॉर्मरखाली ठेवायचं. अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये राहायला हवं. गारठलेल्या बाळाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि त्याचं सर्फॅक्टंट कमी पडतं. बाळ श्वास घेत असेल तर नाळ कापायची घाई नको, अर्धं-एक मिनिट थांबावं.

आता श्वास. ऑक्सिमीटरचा प्रॉब उजव्या तळहाताला किंवा मनगटाला लावायचा, कारण हृदयातून मेंदूकडे जाणारं रक्त कसं आहे ते उजवा हातच सांगतो. ऑक्सिजन २१ ते ३० टक्क्यांपासून सुरू करायचा. पहिल्या मिनिटाला सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं टक्क्यांतलं प्रमाण, ६०-६५ असणं नॉर्मल आहे! दुसऱ्याला ६५-७०, तिसऱ्याला ७०-७५, चौथ्याला ७५-८०, पाचव्याला ८०-८५, आणि दहाव्या मिनिटाला ८५-९५. हा तक्ता भिंतीवर डोळ्यांसमोर लावलेला असावा. तो नसला की दुसऱ्या मिनिटाचा ६६ आकडा बघून कुणीतरी घाबरतं आणि ऑक्सिजन थेट १०० वर नेतं.

बाळ श्वास घेतंय, ठोके १०० च्या वर आहेत, पण छाती आत ओढली जातेय किंवा कण्हणं आहे, तर तोंडा-नाकावर मास्क धरून ५-६ सेंटिमीटरचा सीपॅप तिथेच सुरू करायचा. फक्त मास्क धरायचा, काही दाबायचं नाही. श्वासच नसेल किंवा ठोके १०० च्या खाली असतील तरच हवा द्यायची, मिनिटाला ४० ते ६० वेळा, २०-२५ सेंटिमीटरच्या दाबानं. इथे टी-पीस हे साधन फार उपयोगी, कारण वरचा आणि खालचा दोन्ही दाब आधीच ठरवून ठेवता येतात. साध्या, आपोआप फुगणाऱ्या बॅगला पीप व्हॉल्व्ह (श्वास सोडून झाल्यावरही थोडा दाब टिकवणारी झडप) जोडलेला नसेल तर उच्छ्वासाच्या शेवटी दाब शून्यावर येतो. म्हणजे प्रत्येक श्वासाला उघडलेलं फुप्फुस प्रत्येक उच्छ्वासाला मिटतं. आणि बॅग दाबणारा हात मोठ्या माणसाचा असतो. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी अपुऱ्या दिवसांच्या कोकरांना जन्मल्याबरोबर फक्त सहा मोठे श्वास दिले, आणि तेवढ्यानं नंतर दिलेल्या सर्फॅक्टंटचा परिणाम बिघडला. सहा श्वास म्हणजे बॅगेवरची सहा-आठ सेकंदं.

मास्क हातात धरून बाळाला एनआयसीयूपर्यंत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागापर्यंत, नेताना दाब सुटतो, ही फार नेहमीची चूक. जन्मखोलीत मिळवलेलं सगळं लिफ्टमध्ये जातं. वाटेतही दाब चालू राहील अशी तजवीज आधीच करून ठेवलेली असली पाहिजे.

बबल सीपॅपची मांडणी इतकी साधी आहे की पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. हवा आणि ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर, त्यापुढे फ्लोमीटर, मग हवा तापवून ओली करणारा ह्युमिडिफायर, तिथून बाळाच्या नाकापर्यंत एक नळी, नाकात दोन आखूड प्राँग (नाकपुड्यांत बसणारी मऊ नळकांडी), आणि दुसऱ्या बाजूनं निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. नळीचं टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडालं की दाब ५. सहा हवा तर एक सेंटिमीटर आणखी खाली. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जेन-टिएन वुंग यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं नेटानं चालवली. १९८७ साली मेरी एलन एव्हरी यांनी आठ केंद्रांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा बाळांच्या फुप्फुसाचा दीर्घकाळचा आजार सगळ्यांत कमी आढळला तो याच ठिकाणी. जिथे नळ्या घालायची घाई सगळ्यांत कमी होती, तिथेच.

ब्लेंडर नसेल तर दोन फ्लोमीटरवर हिशेब करता येतो. मिनिटाला ७ लिटर हवा आणि १ लिटर ऑक्सिजन एकत्र केला तर मिश्रणात ऑक्सिजन साधारण ३१ टक्के होतो; ६ लिटर हवा आणि २ लिटर ऑक्सिजन असेल तर ४१ टक्के. हवेत स्वतःचा २१ टक्के असतोच, तो विसरायचा नाही. नुसत्या ऑक्सिजनवर सीपॅप चालवू नये. जास्तीचा ऑक्सिजन या बाळांच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यातल्या, अजून पूर्ण न वाढलेल्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडवतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर, भरपूर ऑक्सिजन देणं म्हणजे चांगली काळजी असं समजलं जात होतं तेव्हा, हजारो मुलं त्यानं आंधळी झाली. पण उलट टोकही घातक. सॅच्युरेशन ८५ ते ८९ मध्ये ठेवलेल्या बाळांत मृत्यू जास्त झाले, हे पुढच्या मोठ्या चाचण्यांत दिसलं. म्हणून ९० ते ९४-९५ हा अरुंद पट्टा. ऑक्सिजन चालू असेल तर मॉनिटरचा वरचा अलार्म ९५ वर लावलेलाच हवा. खालचा अलार्म सगळे लावतात, वरचा बंद करून ठेवलेला सापडतो.

फ्लो साधारण ५ ते ८ लिटर. बुडबुडे अखंड येत राहतील एवढाच ठेवावा. खळखळाट जास्त म्हणजे फायदा जास्त, असं काही नाही. उलट फ्लो वाढवल्यानं दाब ठरवल्यापेक्षा वर जातो. ह्युमिडिफायरमधून हवा ३७ अंशांवर, पूर्ण ओली होऊन आली पाहिजे. कोरड्या हवेनं नाकातला शेंबूड वाळून खडा होतो, आतली त्वचा सोलवटते, आणि अंगातली ऊबही प्रत्येक श्वासाबरोबर निघून जाते.

बुडबुडे थांबले. हा सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रसंग. दाब कुठून तरी निसटतोय एवढं नक्की. शोधताना यंत्रापासून नव्हे, बाळापासून निघावं. प्राँग नाकातून सरकलेत का, तोंड उघडं आहे का? तिथे काही दिसत नसेल तर प्राँग काढून त्यांची तोंडं हातमोजा घातलेल्या बोटानं क्षणभर बंद करायची. बुडबुडे आले तर नळ्या ठीक आहेत, गळती बाळापाशी आहे: प्राँग लहान पडलेत किंवा तोंड उघडं राहतंय, हनुवटीला हलका पट्टा द्यावा लागेल. तरीही आले नाहीत तर नळी कुठेतरी सुटली आहे. बहुतेक वेळा ह्युमिडिफायरचं झाकण किंवा तापमानाच्या सेन्सरचं भोक. पंधरा सेकंदांत निदान होतं.

याची उलटी बाजू मात्र फसवी आहे. बुडबुडे येताहेत म्हणजे बाळाला दाब पोचतोय, असं नाही. प्राँगची टोकं नाकाच्या भिंतीला टेकली असतील किंवा नाकपुडी शेंबडानं बुजली असेल तर हवा बाळाकडे न जाता सरळ बाटलीकडे जाते आणि बुडबुडे छान येत राहतात. म्हणून कान छातीवर हवा. स्टेथोस्कोपमधून दोन्ही बाजूंना बुडबुड्यांचा आवाज ऐकू आला की मग खात्री. बाहेर जाणाऱ्या नळीत वाफेचं पाणी साठून तिचा झोळ भरला असेल तर नाकाशी पोचणारा दाब बाटलीवरच्या आकड्यापेक्षा जास्त होतो. तेच पाणी उतरून बाटलीची पातळी वाढवतं, आणि पाच लिहिलेलं असताना नळी सात सेंटिमीटर बुडालेली असते. बाटलीवर रेघ मारून ठेवावी, नळ्या बाळापेक्षा खालच्या पातळीवर ठेवाव्या, पाणी वेळोवेळी काढून टाकावं.

आणि नाक. सीपॅपवर बाळ सुधारतंय की नाही हे जितकं दाबावर ठरतं तितकंच या एवढ्याशा नाकावर. प्राँग नाकपुडी भरेल इतके मोठे हवेत, पण कडेची त्वचा पांढरी पडेल इतके नव्हे. लहान माप घेणं दयाळूपणाचं वाटतं. प्रत्यक्षात लहान प्राँग हलतात, घासतात, हवा गळते, म्हणून मग ते आणखी आत दाबले जातात आणि जखम तिथेच होते. दोन नाकपुड्यांमधला पडदा आणि प्राँगचा जोड यांत २-३ मिलिमीटरची फट डोळ्यांना दिसली पाहिजे. ती बुजली की आधी पडदा पांढरा, मग लाल, मग ओला, आणि दोन दिवसांत तो झिजून जातो. तो पुन्हा नीट भरून येत नाही. त्यामुळे टोपी घट्ट, भुवयांपर्यंत आलेली हवी, कान आत दुमडलेले नाहीत हे पाहिलेलं हवं, आणि नळ्या टोपीला दोन्ही बाजूंनी सारख्या बांधलेल्या. प्राँगचा भार टोपीनं पेलायचा, नाकानं नाही. ओठावर मिशीसारखी मऊ पट्टी चिकटवून त्यावर प्राँग बसवले तर आणखी बरं. मास्क आणि प्राँग आलटून पालटून वापरले की एकाच जागी दाब राहत नाही. मास्कमुळे नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या मध्ये, खूण पडते, ती बघायला विसरू नये.

दर तीन-चार तासांनी प्राँग काढून नाक बघायचं, सलाइनचे एक-दोन थेंब टाकून गरजेपुरतं साफ करायचं. नळी खोल घालून उगाच सक्शन केलं की आत सूज येते आणि रस्ता आपणच बंद करतो. खांद्याखाली पातळ घडी ठेवून मान किंचित मागे. पुढे झुकली किंवा फार ताणली तर श्वासनलिका दबते. हे करताना बाळाची कूस बदलायची, तापमान घ्यायचं, लंगोट बदलायचा, सगळं एकाच वेळी, म्हणजे मधले तीन तास त्याला शांत झोपू देता येतं.

पोट फुगणं हा आणखी एक घोर. नाकातून जाणारी हवा थोडी पोटातही जाते. तोंडातून पोटात घातलेली नळी वरच्या टोकाला उघडी ठेवली की ती निघून जाते. फुगलेलं पण मऊ पोट, बाळ चपळ, शी होतेय, तर दूध बंद करायचं कारण नाही. पोट ताठ आहे, दाबल्यावर बाळ कळवळतंय, हिरवं पित्त निघतंय, शीमध्ये रक्त आहे, तर ते सीपॅपचं पोट नव्हे; आतड्याचा आजार असू शकतो आणि तिथे थांबून चालत नाही.

बाळाचं कसं चाललंय हे मोजायला जुना आणि आजही खरा ठरणारा मार्ग म्हणजे विल्यम सिल्व्हरमन आणि डोरोथी अँडरसन यांचा १९५६चा स्कोअर. वरची छाती पोटाबरोबर हलते का, बरगड्यांमधली जागा आत जाते का, छातीच्या मधल्या हाडाचं टोक आत ओढलं जातं का, नाकपुड्या फुलतात का, आणि कण्हणं आहे का. प्रत्येकाला ० ते २. शून्य म्हणजे आरामात, १० म्हणजे फार वाईट. कुठलंही यंत्र लागत नाही, लागतो तो बाळाच्या उघड्या छातीकडे पूर्ण एक मिनिट बघण्याचा संयम. सीपॅप लावल्यावर अर्ध्या-एक तासात हा आकडा उतरला पाहिजे. ऑक्सिजन वाढवावा लागत असेल तर आधी नाक, मान, गळती तपासायची, मग दाब एकेका सेंटिमीटरनं ७-८ पर्यंत. उलट, ऑक्सिजन २१ टक्क्यांवर आलाय आणि दाब अजून ८, तर फुप्फुस गरजेपेक्षा जास्त फुगण्याची, हृदयाकडे परतणारं रक्त अडण्याची आणि फुप्फुस फुटून छातीत हवा साठण्याची भीती.

ही भीती पोकळ नाही. २००८च्या कॉइन चाचणीत २५ ते २८ आठवड्यांच्या ६१० बाळांपैकी निम्म्यांना जन्मानंतर पाच मिनिटांत ८ सेंटिमीटरचा सीपॅप लावला, निम्म्यांना नळी घातली. फुप्फुसाभोवती हवा फुटण्याचं प्रमाण सीपॅपच्या गटात ९ टक्के, दुसऱ्यात ३. सीपॅपवरच्या ४६ टक्के बाळांना पहिल्या पाच दिवसांत नळी घालावीच लागली. हेही तितकंच खरं की उरलेल्या निम्म्याहून अधिक बाळांना त्या दिवसांत तिची गरज पडली नाही, आणि २८व्या दिवशी ऑक्सिजन लागणारी बाळं सीपॅपच्या गटात कमी होती. सीपॅपवरचं बाळ एकाएकी काळवंडलं, एका बाजूचा श्वास ऐकू येईना, तर अंधार करून छातीवर तेज दिवा धरावा. हवा फुटली असेल ती बाजू कंदिलासारखी उजळते. एक्स-रेची वाट बघण्याइतका वेळ प्रत्येक वेळी नसतो.

मग सीपॅप पुरत नाही हे कधी मान्य करायचं? दाब ६ च्या आसपास असूनही ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या वर लागतोय, तर सर्फॅक्टंट द्यायला हवं, आणि तेही पहिल्या दोन-तीन तासांत. पोरॅक्टंट या प्रकारचं सर्फॅक्टंट असेल तर किलोला २०० मिलिग्रॅम, म्हणजे २.५ मिलिलिटर, बेरॅक्टंट १०० मिलिग्रॅम, म्हणजे ४ मिलिलिटर. हाती काय आहे त्यावर द्रवाचं प्रमाण बदलतं, म्हणून बाटली वाचूनच भरावं. पूर्वी नळी घालून, औषध देऊन, काही श्वास बॅगनं देऊन नळी काढत. आता सीपॅप चालू ठेवूनच, स्वतः श्वास घेणाऱ्या बाळाच्या श्वासनलिकेत बारीक कॅथेटर सरकवून औषध सावकाश सोडता येतं. बाळ ते स्वतःच्या श्वासानं आत ओढून घेतं. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण तिथेही काम बाळाचंच राहतं.

श्वास मध्येच विसरणं हा या बाळांचा स्वभाव असतो. मेंदूतलं केंद्र अजून कच्चं. त्यासाठी कॅफीन सायट्रेट, किलोला २० मिलिग्रॅम पहिला डोस, मग रोज ५ ते १०. पहिल्या दिवसापासून. एवढं करूनही वारंवार श्वास थांबतोय, हवा द्यावी लागतेय, रक्ताचा पीएच ७.२ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ६०-६५ च्या वर जातोय, तर व्हेंटिलेटर लावावा. यात हार मानण्यासारखं काही नाही. दमून चाललेल्या बाळाला 'अजून तासभर बघू' म्हणत सीपॅपवर ताटकळत ठेवणं हे उशिरा सीपॅप लावण्याइतकंच चुकीचं.

आईला या सगळ्यात काचेच्या पेटीपाशी उभं राहून बघण्याशिवाय काही काम नाही असं वाटत राहतं. तिला काम आहे. स्थिर असलेलं बाळ सीपॅपसकट तिच्या उघड्या छातीवर ठेवता येतं. नळ्या तिच्या खांद्याशी चिकटवायच्या आणि मान वळलेली नाही एवढं पाहायचं. १ ते १.८ किलोच्या बाळांवर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, स्थिर व्हायची वाट न बघता जन्मानंतर लगेच अशी उराशी धरलेली बाळं जास्त जगली. मृत्यूचं प्रमाण १५.७ वरून १२ टक्क्यांवर आलं.

सीपॅप काढायची घाई नसावी. ऑक्सिजन २१ टक्के, दाब ५, निदान चोवीस तास श्वास थांबलेला नाही, छाती शांत, वजन वाढतंय, मग काढून बघावा. दिवसा, पुरेशी माणसं हजर असताना. अर्ध्या तासानं, दोन तासांनी, रात्री, अंगावरचं पांघरूण बाजूला करून छाती एक मिनिट बघायची, श्वास मोजायचे. मिनिटाला ६० च्या आत हवेत. दूध पाजल्यानंतर हमखास बघायचं, कारण भरलेलं पोट श्वासपटलाला वर ढकलतं आणि दमणूक तेव्हाच उघडी पडते. स्टेथोस्कोप टेकवून ऐकायचं. तो अडवलेला, आखूड आवाज पुन्हा आला तर प्राँग परत लावायचे: नाकात आधी सलाइनचे थेंब, टोपी नीट बसवून, पडद्याशी दोन-तीन मिलिमीटरची फट सोडून.